पापणीवाली गाडी

डुलकीमामांच्या सासूबाईंना शेजारणी विचारायच्या, "जावई काय करतात हो?" तेव्हा त्या बिचाऱ्या "गाड्यांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत" असं पुटपुटून विषय बदलायच्या. खरं सांगायची सोयच नव्हती. जावई झोपायचे. झोपायचाच पगार घ्यायचे. पगाराच्या चिठ्ठीवर हुद्दा छापलेला असायचा 'निद्रा-परीक्षक', आणि तो वाचून बँकेतली बाई दर वेळी एकदा मान वर करून त्यांच्याकडे बघायची.

मामा तसे ते एकाच मुलीचे. त्यांची भाची त्याच कारखान्यात चाचणीच्या गाड्या चालवायची. पण तिनं शेडभर "मामा, मामा" अशा हाका मारल्या आणि फोरमनपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचेच ते मामा होऊन बसले. डुलकी हे वरचं लेणं कारखान्यानं दिलेलं. शाळेत ह्याच झोपेपायी त्यांनी बाकावर उभं राहून शिक्षा भोगली होती, आणि उभ्या उभ्याही झोपले होते. पुढे त्याच झोपेवर घर बांधलं, दोन मुलं शिकवली आणि बायकोला शिवणयंत्र घेऊन दिलं. मामी म्हणायच्या, "आमच्याकडे हे घरी झोपतात तो ओव्हरटाइम."

आता तुम्ही म्हणाल, गाड्यांच्या कारखान्यात झोपणारा माणूस कशाला लागतो? तर त्या गाडीचा जन्मच मुळी झोपेसाठी झाला होता.

कंपनी काढणारे थोरले साहेब आधी घोडागाड्यांच्या स्प्रिंगा बनवायचे. त्यांना झोप येत नसे. कमी येत असे असं नाही, येतच नसे. वैद्य झाले, डॉक्टर झाले, सगळ्यांनी हात टेकले. मग एकदा म्हणे आपल्याच स्प्रिंगा बसवलेल्या घोडागाडीत, ओल्या मातीच्या रस्त्यावर, त्यांची मान क्षणभर कलली. तेवढ्या एका क्षणावर ह्या माणसानं पुढचं सगळं उभं केलं. मोटारी नव्यानं निघाल्या होत्या, लोक वेगाच्या मागे लागले होते, आणि हे मात्र धक्का न लागणाऱ्या, कुरकुर न करणाऱ्या, मागच्या सीटवर बसलेल्याला जोजवणाऱ्या गाड्या करत सुटले. श्रीमंतांच्या त्यावर उड्या पडल्या. बॉनेटवर चांदीच्या रंगाची एक मिटलेली पापणी असायची, खाली केसांची बारीक झालर. त्यावरून लोक तिला पापणीवाली गाडी म्हणायला लागले आणि कंपनीचं खरं नाव पुसूनच गेलं.

थोरल्या साहेबांचा एक दंडक होता. कुठलीही गाडी मागच्या सीटवरच्या माणसाला झोप लागल्याशिवाय पास करायची नाही, आणि पास झाल्याशिवाय तिला पापणी बसवायची नाही. पापणी नाही तर फाटकाबाहेर पाऊल नाही. नव्या गाड्या बनणं कधीचं बंद झालं होतं. आता जगभरातून जुन्या पापणीवाल्या दुरुस्तीला यायच्या, शेडमध्ये त्यांचा सांगाडा सुटा व्हायचा, पुन्हा जुळायचा. पण दंडक तोच राहिला. गाडी तयार झाली की जुनी पापणी काढून ठेवायची आणि मामांना बोलवायचं.

मामांचं काम दुपारचं, जेवणानंतरचं. बूट काढून ते मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायचे. पायाशी पत्र्याची ताटली, हातात लिंबाएवढा लाकडी गोळा. भाची गाडी सुरू करायची. कारखान्याच्या भिंतीला वळसा, मग कालव्याकाठचा झाडांचा रस्ता, मग फरसबंदीचा तो दात खिळखिळे करणारा तुकडा, आणि परत. बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. मामांची बोटं सैल पडून गोळा ताटलीत पडला, 'टण्ण' वाजलं, की ती ओरडायची, "पास!" फोरमन हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयारच असायचा.

आणि हे थकून-भागून येऊन झोपण्याचं काम नव्हतं बरं का. थकलेल्याला खडीच्या ढिगावरही झोप लागते, तिला काय किंमत? परीक्षकानं रात्री पोटभर झोपून, सकाळी ताजंतवानं होऊन यायचं, आणि तरीही गाडीनं त्याला झोपवायचं. म्हणून मामा झोपेला फार जपत. लग्नाकार्यात जागरण नाही, भांडण नाही, काळजी तर मुळीच नाही. मामींना कधी कधी हेवा वाटायचा. अंथरुणाला पाठ टेकायच्या आत माणूस गेलेला असायचा.

कंपनीला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. कारभार आता थोरल्या साहेबांच्या पणतीकडे होता. तिला सगळे मॅडम म्हणत. मॅडम म्हणजे हसायला लागली की शेडची तावदानं थरथरावीत अशी दणकट, आनंदी बाई. तिनं ठरवलं, जगभरच्या पापणीवाल्यांची मिरवणूक काढायची आणि पुढे ठेवायची पहिली. पहिली म्हणजे थोरल्या साहेबांनी स्वतःसाठी बनवलेली सगळ्यात पहिली गाडी. ती शेडच्या टोकाला ताडपत्रीखाली उभी होती, आणि तिला आजवर कोणी हात लावला नव्हता.

ताडपत्री काढली तेव्हा सगळे बघतच राहिले. गडद हिरवी, लांबलचक, दिवे गोल आणि भाबडे. फोरमननं बॉनेटवरून हात फिरवला आणि तो थबकला.

"मॅडम, हिला पापणी नाही."

होती फक्त स्क्रूची दोन भोकं. ती कधी वापरलेलीच नव्हती, कडांना धार तशीच होती.

"असणार कशी?" मॅडम हसली. "पणजोबांना हिच्यात झोप लागली नाही ना. बाकी सगळ्या गाड्या पास केल्या त्यांनी, माणसं ठेवून. ही स्वतःच पास करणार म्हणाले. राहिली ती राहिलीच. पण आता मामा आहेत की आपले!"

"मॅडम, तुम्ही पापणी घासायला काढा," मामा म्हणाले. "हिला काय वेळ लागणार आहे?"

पहिलीचं काम झटपट झालं. तिच्यात बिघडलेलं असं काही नव्हतंच, जणू कोणी रोज बसत असावं इतकी ती नीट होती. सीटचं चामडं मात्र ठेवलं तसंच, तपकिरी, मऊ. मामा जेवून, हात पुसत आले, बूट काढले, बसले. भाचीनं गाडी काढली. कालवा आला, गेला. फरसबंदी आली आणि तिचा धक्का म्हणून जाणवला नाही. मामांनी मनातल्या मनात थोरल्या साहेबांना सलाम ठोकला आणि डोळे मिटले.

झोप आली नाही.

आधी मामांना गंमत वाटली. मग त्यांनी मान दुसऱ्या बाजूला टेकवली, पाय लांब केले, जांभई आणून पाहिली. काही नाही. एका खोलीत दोन खाटा असाव्यात, आपण झोपायला बघावं आणि पलीकडचा टक्क जागा असावा, तसं त्यांना वाटत राहिलं. पलीकडचा काही करत नसतो, आवाजही नसतो, पण तो जागा आहे हे आपल्याला कळत असतं. मामांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. उजवी सीट रिकामी होती. फक्त मधोमध जरा दबलेली.

गाडी परत शेडमध्ये आली. गोळा मामांच्या मुठीतच होता.

"हे काय मामा!" फोरमननं कपाळाला हात लावला. "तुम्ही? जागे?"

"उजवीकडची स्प्रिंग बसलीय," मामा म्हणाले. "त्यानं तोल जातोय. तेवढं बघ."

भाची हात धुताना हळूच म्हणाली, "मामा, तू एवढी चुळबुळ का करत होतास?"

"मी? मी धोंड्यासारखा बसलो होतो."

"मग चामडं कोणाचं करकरत होतं?"

"जुनं आहे. उन्हानं करकरतं."

त्या दिवशी ऊन नव्हतं, हे दोघांच्याही लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी चहा घेऊन आल्या तर मामा खिडकीपाशी कपडे घालून बसलेले. लग्न झाल्यापासून मामींनी नवऱ्याला आपल्याआधी उठलेलं पाहिलं नव्हतं.

"अहो, बरं नाही का?"

"झोप नाही लागली."

मामी आधी हसल्या. मासा बुडाला असं कोणी सांगितलं तर हसू येईल तसं. मग त्यांनी नवऱ्याचे डोळे पाहिले आणि कपबशी खाली ठेवली.

"काही खाल्लंत का बाहेर?"

"नाही गं. नुसतं वाटत होतं, खोलीत कोणीतरी जागं आहे."

"मी तर मेल्यासारखी झोपले होते. तुमचा आवाज नाही, म्हटलं आज काय स्वर्ग!"

त्यांनी विनोद केला खरा, पण दिवसभर त्यांचं शिवण चुकत राहिलं.

एक रात्र गेली, दुसरी गेली, तिसऱ्या रात्रीही तेच. मामांच्या डोळ्यांखाली काळं आलं. दुसऱ्या चांगल्या, पास होण्यासारख्या गाडीत बसून पाहिलं, तरी गोळा काही सुटेना. नोकरीचं काय ते बघता आलं असतं, पण झोपेशिवाय आपण कोण, हे त्यांना कळेना. गाणाऱ्याचा गळा जावा तसं झालं होतं. आणि ही झोप गेली होती पहिलीत. जिथे हरवली तिथेच सापडेल, असा साधा हिशोब करून ते रोज दुपारी त्या हिरव्या गाडीत जाऊन बसू लागले.

फोरमननं तीनदा स्प्रिंगा बदलल्या. उजवी सीट दुसऱ्या दिवशी दबलेलीच. शेवटी त्यानं मामांना बाजूला घेतलं.

"मामा, मिरवणूक तोंडावर आली. एकदा नुसता गोळा टाका की खाली. कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना," मामा म्हणाले. "आणि पापणी लागली म्हणून मला झोप येणार आहे का? मला ती पाहिजे, बाबा. तुला पापणी पाहिजे, मला झोप पाहिजे."

त्या दुपारी हवा गार होती. पहिली कालव्याकाठून चालली होती. मामा डोळे मिटून बसून बसून कंटाळले, आणि उजवीकडच्या काचेतून झाडं बघू लागले. काचेवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला, वाफेचा एक ठिपका धरला होता. मामा बघत असतानाच तो आटला. मग पुन्हा धरला. पुन्हा आटला.

मामांनी आपल्या बाजूच्या काचेकडे पाहिलं. ती स्वच्छ होती.

ते उतरले आणि तडक मॅडमच्या खोलीत गेले. मॅडमनं त्यांना चहा दिला.

"मॅडम, थोरले साहेब ह्या गाडीत कुठे बसायचे?"

"मागे, उजवीकडे. रोज दुपारी बसायचे. ड्रायव्हर चालवून चालवून दमायचा. आजी सांगायची, ते गेले तेही तिथेच. गाडी परत आली तर ड्रायव्हरला वाटलं, बाहेर बघतायत. डोळे उघडेच होते." मॅडमनं बिस्किट चहात बुडवलं. "मिटायला गेले तर मिटेनात म्हणे. बऱ्याच जणांनी प्रयत्न केला. शेवटी तसंच नेलं. का हो?"

"काही नाही. सहज."

"मामा, तुम्ही फार मनावर घेताय. एक सुट्टी घ्या आणि मस्त झोपा!"

मॅडम खळखळून हसली. मामाही हसले, कारण तिच्यासमोर न हसणं कोणाला जमायचं नाही.

घरी जाताना मात्र त्यांच्या मनात एकच घोळत होतं. आपल्याला चार-सहा रात्री झोप नाही तर आपली ही दशा. भाजी कडू लागते, नातवंडांचं हसणं टोचतं, ऊन डोळ्यांत सुया खुपसतं. आणि तो माणूस सगळा जन्म असा. जन्मच का, त्यानंतरही. लोकांना झोपवायला गाड्या करत राहिला, आणि स्वतः त्यांच्या बाजूला बसून त्यांचं घोरणं ऐकत राहिला. मामांना भीती वाटायला हवी होती. त्यांना वाईट वाटलं, इतकं की रस्त्यात रुमाल काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी ते गाडीत बसले तेव्हा भाचीनं आरशातून त्यांच्याकडे पाहायचा प्रयत्न केला. पहिलीला आरसा नव्हता. जुन्या गाड्यांना नसायचा.

"मामा, मला ही गाडी आवडते," ती म्हणाली. "पण मानेवर सारखं कोणीतरी बघतंय असं वाटतं."

"तू पुढे बघ."

गाडी निघाली.

भिंतीचा वळसा झाला, कालवा आला. काचेवर वाफ धरली, आटली. धरली, आटली. घाईघाईनं, जाग्या माणसासारखी.

मामांनी बोलायचं नाही हा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला. अगदी हळू बोलले, पुढे ऐकू जाऊ नये असं.

"साहेब, आमच्याकडे दुसरं काही नाही. पण झोप आहे. लहानपणापासून आहे, ढिगानं. सध्या जरा रुसलीय, पण आहे. तुम्हाला पाहिजे तर घ्या. लाजू नका. लागेल तेवढी घ्या."

पाहुण्याला वाढताना म्हणतो तसं ते तोंडून गेलं. तेवढंच.

चामडं करकरलं. अगदी जवळून.

मामांनी मूठ उघडली आणि लाकडी गोळा उजव्या सीटवर ठेवला, त्या दबलेल्या जागेच्या जरा वर, मांडी असते त्या उंचीवर. पायानं ताटली उजवीकडे सरकवली आणि हात काढून घेतला.

गोळा तिथेच राहिला, अधांतरी.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग मुकाट्यानं समोर बघत बसले.

झाडं मागे जात होती. गाडीनं वळण घेतलं. गोळा हलला नाही. फरसबंदी आली. हलला नाही.

वाफेचा ठिपका धरला. बराच वेळ राहिला. सावकाश आटला.

पुन्हा धरला. त्याहून सावकाश.

मामांना काहीतरी आपल्यातून निघून गेल्यासारखं वाटलं, पाठीवरचं ओझं कोणी अलगद उतरवून घ्यावं तसं. बरं वाटलं.

टण्ण!

"पास!" भाची ओरडली, आणि आपण फार मोठ्यांदा ओरडलो असं वाटून तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

शेडमध्ये सगळे धावत आले. फोरमननं मामांचे दोन्ही हात धरले. "लागली? झोप लागली?"

"लागली," मामा म्हणाले.

कोणाला, ते फोरमननं विचारलं नाही. त्यानं पापणी बसवली, दोन स्क्रू, दोन्ही घट्ट. मॅडमनं टाळ्या वाजवल्या, फक्त नेहमीपेक्षा जरा हळू. उजवी सीट अजून दबलेली होती, पण आता त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मामा शीळ घालत घरी गेले. साहेबांचं काम झालं, आता आपली झोप आपल्याला मिळेल. जेवले, अंथरुणावर पडले आणि वाट पाहत राहिले. आली नाही. पण गंमत अशी, की आता तिची गरजच वाटेना. सकाळी डोळे जळले नाहीत, अंग मोडलं नाही, डोळ्यांखालचं काळंसुद्धा ओसरलं. मामी उठल्या तर घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलेलं, कपाटं आवरलेली, शिवणयंत्र पुसून लख्ख.

"अहो, हे सगळं कधी केलंत?"

"सहज. वेळ होता."

"झोपलात ना पण?"

"येईल," मामा म्हणाले. "त्यांची पुरी झाली की येईल."

"कोणाची?"

मामांनी बिजागरी हलवून दाखवली. अजिबात आवाज येत नव्हता. मामी खूश झाल्या, पण जेवताना त्या नवऱ्याकडे पुन्हा पुन्हा बघत होत्या. मामांच्या मनात मात्र उधारी-बिधारी असं काही नव्हतं. मोठा माणूस आहे, फार दिवसांचा जागा आहे, थोडं जास्त झोपेल, मग परत देईल. थांबायची त्यांची तयारी होती. रात्री खिडकीपाशी बसून ते थांबायचे. फक्त कधी कधी झोपलेल्या मामींकडे बघताना त्यांना एकटं वाटायचं, आणि तसं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. सकाळची स्वच्छ हवा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, खांद्यावर पोरं, बाल्कन्यांतून बायका, आणि पापणीवाल्यांची लांब रांग. बँड जोरात होता. सगळ्यात पुढे पहिली, चालवायला भाची, टोपी घालून. मागे कोणी बसायचं नाही असं मामांनीच सांगितलं होतं. मॅडमनं कारण विचारलं नाही. तिनंही आताशा त्या गाडीजवळ आवाज खाली आणला होता.

आणि एक गोष्ट मामा-मामींनी फुटपाथवरून पाहिली. पहिली जिथून जायची तिथला गलका विरायचा. ओरडणारी पोरं गप्प व्हायची, आया आपसूक ओठांवर बोट ठेवायच्या, बँडवाल्यांनी सुद्धा वाद्यं हळू केली आणि आपण असं का केलं म्हणून एकमेकांकडे पाहिलं. गाडी पुढे गेली की मागे पुन्हा दंगा. रस्ताभर हे असंच चाललं.

"किती छान," मामी म्हणाल्या. "मान देतात लोक."

मिरवणूक मैदानात येऊन थांबली. भाचीनं इंजिन बंद केलं, उतरून ती मामांजवळ आली आणि त्यांचा हात घट्ट धरला. तिचा हात गार होता.

"मामा, मी दार हळू लावलं."

"बरं केलंस."

"का लावलं हळू, ते मला माहीत नाही."

मामींनी इतक्या वर्षांत नवऱ्याच्या कारखान्यातली एकही गाडी जवळून पाहिली नव्हती. शिवणाऱ्या बाईला चामडं दिसलं की राहवतं थोडंच. पर्स मामांच्या हातात देऊन त्या पहिलीच्या मागच्या खिडकीशी गेल्या, उजव्या बाजूला. काच खाली होती. शिवण बघायला त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"काय गं?" मामांनी विचारलं.

मामींनी बोटानं गप्प राहायची खूण केली. आतून आवाज येत होता. बारीक, पण स्पष्ट. तीन लांब ओढी, मग काही आठवल्यासारखा एक थांबा, आणि मग नाकातून निघणारी छोटीशी शीळ. पुन्हा तीन ओढी, थांबा, शीळ. मामींच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, रोजचं, सवयीचं. मग ते हळूहळू गेलं. त्यांनी मान वळवली. मामा त्यांच्या शेजारी उभे होते, हातात पर्स, डोळे टक्क उघडे.

"अहो," मामी म्हणाल्या, "हे तर तुम्ही."

मामांना स्वतःचं घोरणं कधी ऐकायला मिळालं नव्हतं. माणसाला आपलं ते ऐकू येत नाही. ते पहिल्यांदाच ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देतील ना परत?" त्यांनी विचारलं. लहान मुलानं विचारावं तसं.

आतलं घोरणं आता चढत चाललं होतं, रोज पहाटे चढायचं तसं. मामींचा हात आपोआप पुढे झाला, खिडकीतून आत, रिकाम्या सीटच्या वर जरासा टेकला, आणि इतकी वर्षं अर्धवट झोपेत ज्या आवाजात सांगत आल्या होत्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या,

"अहो, कुशीवर व्हा."

आत चामडं करकरलं, आणि घोरणं थांबलं.